आक्कांचं 'बरोबर हाय'

"आमच्या घरात दोन जिभा हायत, आणि दोन्ही एकाच दिवशी कधी बंद नसतात," असं माझे सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. एक जीभ माझी, दुसरी माझ्या सासूबाईंची.

आम्ही जैन. मी रोज एक रस सोडते, म्हणजे त्या दिवशी तो खात नाही. रविवारी मीठ, सोमवारी हिरवी भाजी, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल. हा नेम मी माहेराहूनच घेऊन आले. सासूबाईंचाही हाच नेम होता. त्यांना सगळं घर आणि सगळी कॉलनी आक्का म्हणते, म्हणून मीही आक्काच म्हणते. मी या घरात आले त्या पहिल्याच मंगळवारी पाहुणे आले. शिरा केला, पण चाखायला कोणी नाही, दोघींचंही गोड बंद. शिरा इतका गोड झाला की पाहुण्यांनी पाण्याचे तांबेच्या तांबे रिकामे केले. ते गेल्यावर आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हे काय चालायचं न्हाय. घरात दोन बायका आणि चव बघायला एकबी न्हाय व्हय? तुझं वार ऱ्हाऊ देत. मी माझं सरकवते."

त्यांनी मंदिरातल्या मुनी महाराजांना विचारलं आणि आपले वार पुढे सरकवले. त्यांचं गोड शुक्रवारी गेलं, तूप शनिवारी. तेव्हापासून माझ्या वाराला त्या चाखतात आणि त्यांच्या वाराला मी.

आणि आक्कांची जीभ साधी नव्हती. आमटीत मीठ कमी असलं तर म्हणायच्या, "मीठ लाजलंय." खिरीला, "गूळ घातलास का नुसता दाखवलास?" वेलदोड्याचा हात जरा सैल सुटला की, "बोंबलतोय की गं वेलदोडा!" मी मान खाली घालून दुरुस्ती करायची. राग कधी आला नाही, कारण त्या म्हणतील तसं केलं की पदार्थ खरंच सुधारायचा. पण इतक्या वर्षांत 'बरोबर' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

तो निघाला या वर्षी. आषाढात त्यांना ताप आला, बरेच दिवस अंथरुणावर होत्या. उठून हिंडू-फिरू लागल्यावर एकदा माझ्या कढीचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "बरोबर हाय." मला वाटलं, आजारपणाने माणूस मऊ होतं. मग खिरीला तेच म्हणाल्या. मग पुरणालाही. मी रात्री ह्यांना सांगितलं, तर हे हसून म्हणाले, "पास झालीस की! पेढे वाट आता." पेढे नाही वाटले, पण दुसऱ्या दिवशी मंदिरात जाप करताना मन जरा जास्तच प्रसन्न होतं, हे खरं.

मार्गशीर्षातला तो आठवडा आला तेव्हा मी अशी पास होऊन बसले होते.

मी शाहूपुरीत एका छापखान्यात काम करते. पत्रिका छापायला जाण्याआधी वाचून त्यातल्या चुका काढायच्या, हे माझं काम. लग्नसराईत मान वर करायला सवड नसते. त्यात त्या आठवड्यात दोन वाढदिवस. बुधवारी ऋताचा, शुक्रवारी माझ्या अदितीचा. ऋता आमच्याकडे कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवते. मूळची आजऱ्याची, इथे खोली घेऊन राहते. घरापासून लांब तिचा हा पहिलाच वाढदिवस. दिवाळीला गावी गेली होती तेव्हा येताना माझ्यासाठी काजूची पिशवी घेऊन आली होती. तेच काजू लावून नानकटाई करायची, हे मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. छापखान्यात कोणाचाही वाढदिवस असो, नानकटाई माझी असते. अंड्याचा प्रश्न नाही, त्यामुळे सगळ्यांना चालते.

घरचं पीठ बेकरीत नेऊन भाजून आणायची आमच्याकडे जुनी रीत आहे. कळंब्याला आमच्या घराजवळच एक बेकरी आहे. मी माझं पीठ आणि माझेच पत्रे घेऊन जाते. भट्टी साफ करून आधी माझे पत्रे आत जातात, मग त्यांचा माल. बेकरीवाले मामा कुरकुरतात, पण करतात.

मंगळवारी दुपारी लवकर निघून घरी आले. दिवस मावळायच्या आत आक्कांनी चव बघायला हवी होती, त्यानंतर आम्ही दोघी तोंडात काही घालत नाही. तूप-साखर फेसून झाली होती. मैदा, बेसन, रवा चाळून झाला होता. सोड्याचा चमचा हातात होता आणि फोन वाजला. छापखान्याचे मालक विजयसिंह.

"वहिनी, पाटलांच्या पत्रिकेत मुहूर्त सकाळचा का संध्याकाळचा? इथं दोन कागद हायत आणि दोन येळा हायत. पोरगं कधी बोहल्यावर चढायचं?"

मी सकाळचा म्हणून सांगितलं. मग ते देवकांची नावं विचारत राहिले. फोन ठेवला, सोडा घातला, पीठ मळलं. गोळी करून आक्कांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, जरा घोळवली.

"बरोबर हाय."

बेकरीत पत्रे बाहेर आले तेव्हा मामाही बघत राहिले. प्रत्येक नानकटाई फुलासारखी उमललेली, भेगा कशा रेखून काढाव्यात तशा, मधे अर्धा काजू. "वैनी, आजपतूर अशी फुलली नव्हती," मामा म्हणाले. "मला शुगर हाय म्हणून, न्हायतर पत्राच पळवला असता."

बुधवारी छापखान्यात डबा उघडला. ऋताने घरून आलेला नवा ड्रेस घातला होता. एक नानकटाई तोंडात घातली आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आईची आठवण आली असेल. तिने दुसरीही घेतली. विजयसिंह म्हणाले, "वा वहिनी! फ्रेम करून लावावी अशी हाय." पत्रिकांच्या घड्या घालणाऱ्या बायडाबाई एकच घेऊन कितीतरी वेळ चघळत राहिल्या, मग तांब्याभर पाणी प्यायल्या.

एरवी माझा डबा जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही. त्या दिवशी संध्याकाळी अर्ध्याहून जास्त उरला. कामाची गर्दी म्हणून असेल, असं मी म्हटलं. पण बायडाबाई दरवेळी "वैनी, नातवाला दोन न्हेती" म्हणून पदरात बांधून नेतात, त्याही काही बोलल्या नाहीत. ते मनाला लागून राहिलं. बुधवारी माझं तूप बंद, म्हणजे मला स्वतःला चाखून बघायचीही सोय नव्हती.

घरी आल्यावर विचारलं, "आक्का, नानकटाई बरोबर होती ना हो?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हटलं न्हवं, बरोबर हाय."

गुरुवारी सकाळी मंदिरातून आले. गुरुवारी दूध सोडते, म्हणून कोऱ्या चहाबरोबर एक नानकटाई मोडून तोंडात घातली.

साबण. दुसरा शब्द नाही. आधी साखर लागल्यासारखी वाटली आणि मागून कडवट, खारट, कपडे धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी जिभेवर पसरलं. फोन आला तेव्हा एकदा सोडा घालून झाला होता तर! फोन ठेवल्यावर मी तो पुन्हा घातला. भेगा इतक्या सुंदर का पडल्या, तेही कळलं.

तोंडातलं टाकून देणं जमेना, कसंबसं गिळलं. आणि समोर बघितलं तर आक्का बसल्या होत्या. पुढ्यात दुधाची वाटी. त्यात नानकटाई बुडवून सावकाश खात होत्या. एक संपली. हात पुढे करून दुसरी घेतली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कपाळाला आठी नाही, ओठ वाकडा नाही.

क्षणभर वाटलं, त्यांच्या दुधात चिमूटभर मीठ टाकून बघावं. वाटलं मात्र, आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"आक्का, यात सोडा दोनदा पडलाय माझ्या हातून."

त्यांचा हात वाटीवर थांबला. मऊ झालेला तुकडा दुधात पडला. 

"कडू लागतंय व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

त्या विचारण्यातच सगळं आलं.

"कधीपासून, आक्का?"

"आखाडात ताप आला न्हवं, तवापासनं. जीभ लाकडागत झालीया. मीठ न्हाय, साखर न्हाय, तिखट तेवढं चुरचुरतंय. वासबी येत न्हाय. म्हटलं येईल चार दिसांत. आली न्हाय."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू?" आता त्यांचा आवाज चढला. "चव बघायला म्हणून बसल्याली बाई मी. राखणीला बसल्याल्यानं आंधळा झालोय म्हणून सांगायचं व्हय? तू गोळी हातावर ठेवतीस, तोंडाकडं बघत उभी ऱ्हातीस. मग म्हणायचं, बरोबर हाय. तू चुकत न्हाईस फारशी, म्हणून खपलं."

हे शेवटचं वाक्य एरवी मी जपून ठेवलं असतं. पण त्याच वेळी माझी कढी, खीर, पुरण सगळं एकामागोमाग आठवत होतं. मिळालेला तो पास हातातून निघून चालला होता. ते बोलून दाखवण्याची ही वेळ नव्हती.

"अहो, मग काय झालं? वयोमानानं होतं. आपण डॉक्टरांना दाखवू."

"दाव की. पर त्येचं न्हाय मला." आक्कांनी पदराने तोंड पुसलं. "शुक्कीरवारी मी गोड सोडते. सांग, काय सोडते? साखर आणि माती मला एकच. म्हाराजांम्होरं हात जोडून इतकी वर्सं म्हणत आले, हे सोडलं, ते सोडलं. खीर म्होरं असायची, तोंडाला पाणी सुटायचं, आणि सोडायची. त्यो नेम. आता सोडायला माझ्यापाशी हाय काय? नुसतं वार मोजायचं."

 मंदिरातल्या माताजींना, म्हणजे साध्वींना विचारू या, असं म्हणणार होते, पण ते ओठांवरच राहिलं. त्यांचा हात हातात घेऊन बसले. मग छापखान्याची वेळ झाली.

"कुणाला सांगू नकोस," मी चपला घालत असताना त्या म्हणाल्या. "अदितीला तर न्हाईच. हसंल ती."

स्कूटरवर सगळी वाट मी णमोकार म्हणत होते, पण मन एकच विचारत होतं, छापखान्यात काय सांगायचं? खोटं बोलायचं नाही, आणि आक्कांचं नावही येऊ द्यायचं नाही. जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं, "काल नानकटाईत सोडा दोनदा पडला होता. मंगळवारी माझं गोड बंद असतं, मी चाखली नव्हती. माफ करा सगळे."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग विजयसिंह एवढ्या मोठ्याने हसले की यंत्रावरच्या पोरांनी यंत्र थांबवलं.

"सोडा व्हय! अहो वहिनी, आम्हाला वाटलं तुमच्यात अशीच करत्यात!"

"म्हणजे?"

"कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय. म्हटलं नानकटाईतनं बी काहीतरी काढून टाकलं असंल नेमाचं. म्हणून गप गिळली. धर्माच्या खाण्याला कशाला नाव ठेवा?"

"मीबी त्येच म्हटलं," बायडाबाई म्हणाल्या. "तोंडात साबणाची वडी फुटल्यागत झालं बघा. पर वैनी उपासतापासाच्या, त्यास्नी कसं बोलायचं? म्हटलं ह्यानं पाप धुऊन जात असंल."

"आणि ऋता, तू तर दोन खाल्ल्यास!"

"तुम्ही बघत होता ना वहिनी," ऋता म्हणाली. "डोळ्यांतून पाणी आलं ते आवरायला दुसरी खाल्ली."

मीही हसले. इतकी वर्षं एका छपराखाली बसून काम करतो आम्ही, आणि माझ्या नेमाला जपायचं म्हणून सगळ्यांनी साबण खाल्ला! हसता हसता डोळे पुसावे लागले.

"आता असं करा," विजयसिंह म्हणाले, "लवकर घरी जावा आणि नवीन करा. आज दूधच बंद ना तुमचं? मग चाखून आणा. पाटलांची पत्रिका मी बघतो."

"तुम्ही नका बघू. पोरगं बोहल्यावर संध्याकाळी चढेल."

पत्रिका वाचून, बाजूला ठेवून निघाले. घरी पोचले तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. अदिती स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरावीची पुस्तकं पसरून मोबाईल बघत होती. आक्का खिडकीजवळ. दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलेलं दिसलं. मी तूप फेसायला घेतलं. या वेळी फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवला. सोडा घातला आणि डबा लगेच फळीवर चढवला. काजू ऋताचेच.

पीठ झालं. मी छोटी गोळी वळली.

आज ती मला स्वतःला चाखता आली असती. हात तोंडाजवळ गेलाही होता. पण आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि लगेच त्यांनी नजर खिडकीकडे फिरवली. माझा हात खाली आला. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि नेहमीसारखी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. आपण चूक करतोय की बरोबर, मला कळत नव्हतं. त्यांनी पुन्हा 'बरोबर हाय' म्हणावं असंही वाटत होतं आणि म्हणू नये असंही.

आक्कांनी गोळी दोन बोटांत फिरवली. उचलली. पुन्हा हातावर ठेवली.

"अदिती," त्या एकदम म्हणाल्या, "हिकडं ये. त्यो मोबाईल ठेव. तोंड उघड."

"काय गं आज्जी? माझ्या वाढदिवसाचं मीच चाखू?"

"चाख आणि काय लागतंय सांग. मला चव कळत न्हाय."

दूध तापलं आहे हे सांगावं तशा स्वरात त्यांनी ते सांगितलं. अदितीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती हसली नाही.

"काहीच नाही कळत?"

"काहीच न्हाय."

"कधीपासून?"

"ते मागनं. पीठ वाट बघत न्हाय. खा."

अदितीने गोळी तोंडात घातली. "गोड आहे. छान आहे."

"छान ही काय चव हाय व्हय? तुझ्या मोबाईलवर लिव्हायचं न्हाय, मला सांगायचं हाय. डोळं मिट. गोड जिभंच्या टोकाला लागतंय का गिळल्यावर?"

"टोकाला... नाही, थांब." अदितीने डोळे मिटले. "आधी तूप लागतंय. मग गोड. मग रवा दातात येतोय."

"किरकिर करतोय का नुसता लागतोय?"

"नुसता लागतोय."

"मागनं कडू?"

"अजिबात नाही."

आक्का पुढे वाकल्या होत्या. त्यांचा जबडाही अदितीबरोबर हळूहळू हलत होता, जणू ती गोळी दोघींच्या तोंडात होती.

"मग बरोबर हाय म्हणू?"

अदितीने ओठ चाटले. मग माझ्याकडे चोरून बघत म्हणाली, "वेलदोडा जरा..."

"जरा काय? लाजतीस कशाला? आईच हाय तुझी, मारत न्हाय."

"बोंबलतोय, आज्जी."

आक्का ताठ बसल्या. माझ्याकडे वळल्या. आषाढापासून न दिसलेली ती नजर मला दिसली, कमरेवर हात ठेवून बघणारी.

"ऐकलंस? वेलदोड्याला तुझा हात सैलच. लग्न होऊन आलीस तवापासनं सांगते. आता काढता काय येणार न्हाय, मूठभर मैदा घाल आणि चमचाभर तूप सोड."

"हो आक्का," म्हणून मी मैद्याचा डबा उघडला. नापास होऊन इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अदितीने नवे कपडे घातले, आम्हा सगळ्यांच्या पाया पडली. तिच्या मैत्रिणींचा डबा आणि छापखान्याचा डबा वेगळे भरून ठेवले होते. एका ताटलीत घरच्यांसाठी. तिने त्यातली पहिली उचलली आणि आक्कांच्या तोंडाजवळ नेली.

आक्कांनी मान मागे घेतली. "आज शुक्कीरवार. माझं गोड बंद."

"पण आज्जी, तुला चव कळतच नाही. मग खाल्लीस काय, नाही काय?"

मी हातातलं काम थांबवलं. काल सकाळपासून मला न सुचलेलं उत्तर आता पोरीने मागितलं होतं.

आक्कांनी अदितीच्या हातातली नानकटाई बघितली. नीट भाजलेली, मधे काजू.  मग तिचा हात धरून हलकेच मागे सारला.

"चव गेली गं," त्या म्हणाल्या. "पर वाढदिवसाला नात हातानं भरवाय लागली, तर खावं वाटतंय की मला अजून. ते सोडलं."

अदितीला कितपत कळलं, माहीत नाही. ती नानकटाई हातात धरून उभी राहिली.

"उभी काय ऱ्हायलीस? माझ्या वाटची तू खा. आणि भाजल्यावर कशी झालीया सांग. डोळं मिटून."

अदितीने घास घेतला, डोळे मिटले. आक्कांनीही मिटले.

"खुसखुशीत आहे. काजू खमंग लागतोय. तूप मागे राहतंय." ती थांबली. "वेलदोडा अजून..."

"वाटलंच मला," आक्का म्हणाल्या.

शुक्रवारी माझं फक्त दही बंद असतं. मी ताटलीतली एक उचलून खाल्ली. वेलदोडा खरंच जास्त झाला होता.